आधी मागे बघा

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका जुन्या हॉटेलात दरवान होते. दरवान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भरघोस मिशा आणि धिप्पाड देह येतो. भाऊजी अंगाने अगदी काटकुळे. हॉटेलचा लांब कोट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. पण गाडीचं दार उघडावं तर त्यांनीच. एक हात हँडलवर, दुसरा वरच्या चौकटीखाली, म्हणजे उतरणाऱ्याचं डोकं आपटू नये, आणि मान किंचित झुकलेली. हॉटेलला आवार नव्हतं. गाड्या रस्त्याच्याच कडेला थांबायच्या, त्यामुळे कधी फुटपाथच्या बाजूचं दार, कधी रस्त्याच्या बाजूचं, अशी त्यांची सारखी पळापळ चाले. ती त्यांनी जन्मभर केली आणि कधी कपाळावर आठी आणली नाही.

कामावर ते सायकलने जात, आणि सायकलवरही ते दरवानच असत. वळायचं झालं की अख्खा हात लांब करून दाखवणार. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्यापाशी पाय टेकून उभे राहणार. एखाद्या मोटारवाल्याने चुकून वाट दिलीच, तर टोपीला हात लावून मान झुकवणार. मी स्वतः गाडी चालवते, आणि स्टिअरिंग हातात आलं की माझं तोंड सुटतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांना म्हणायची, "भाऊजी, रस्ता म्हणजे काय तुमच्या हॉटेलची लॉबी आहे? चार शिव्या घाला की!"

"अगं, घाईत असतात लोक," ते म्हणायचे. "मोठ्याला वाट दिली तर आपलं काय जातं?"

त्यांची एकुलती एक लेक मात्र मावशीच्या वळणावर गेली होती. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. कॉलेजला जायला तिला सायकल हवी होती. भाऊजींनी तिला स्वतः शिकवली, आणि सायकलीपेक्षा शिस्तच जास्त शिकवली. घंटी उगाच वाजवायची नाही. मैत्रिणीच्या शेजारून गप्पा मारत जायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कडेने जायचं. अगदी कडेने, उभ्या गाड्यांना चिकटून, म्हणजे मागून येणाऱ्यांची अडवणूक नको.

यावरून एकदा स्वयंपाकघरात बापलेकीची चांगलीच जुंपली. मी तिथेच चहा पीत बसले होते.

"बाबा, मधून गेलं की मागचा निदान बघतो तरी," भिंगरी म्हणाली. "हॉर्न मारेल, शिवी देईल, पण बघेल. कडेने गेलं की मी कुणाला दिसतच नाही."

"आपण कॉलेजला जातोय की स्वतःला दाखवायला?" भाऊजी म्हणाले.

मला हसू आलं. ताई भांडी पुसत होती. ती मागे न वळताच म्हणाली, "बाबांचं ऐकायचं. इतकी वर्षं रस्त्यावर आहेत ते."

झालं, विषय संपला. भिंगरीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले, पण ऐकलं. तोंडाने कितीही वटवट केली तरी बापाचा शब्द ती मोडत नसे. एवढा एक मोडला असता तर, असं मला अजून वाटतं.

एके दुपारी कॉलेजातून परतताना ती अशीच कडेने येत होती. औषधांच्या दुकानासमोर एक गाडी उभी होती. आतल्या माणसाने फोनवर बोलता बोलता दार उघडलं. मागे न बघता. भिंगरी त्या दारावर आदळून रस्त्यात फेकली गेली, आणि मागून येणाऱ्या व्हॅनला थांबायला जागाच उरली नाही.

तो माणूस हॉस्पिटलात आला होता. चांगल्या घरचा, पोट सुटलेला, साधा माणूस. बाकावर बसून हमसून हमसून रडत होता. "मला दिसलीच नाही हो, दिसलीच नाही," एवढंच म्हणत होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळं संपल्याचं सांगितलं, तेव्हा तो धडपडत उठला आणि बाहेर जायला निघाला. आणि भाऊजी पुढे झाले. त्यांनी त्याच्यासाठी दार उघडलं, धरून ठेवलं, मान किंचित झुकवली. सवय, दुसरं काही नाही. तो माणूस जागीच थिजला. मी भाऊजींची बोटं त्या हँडलवरून एकेक करून सोडवली. त्याच्या अंगावर धावून जायचं होतं मला, ते राहूनच गेलं.

पुढे भाऊजी कामावर रुजू झाले आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारू लागले. शेजाऱ्यांना, हॉटेलातल्या आचाऱ्याला, मला. "कडेने जा म्हणून मी सांगितलं. चुकलं का माझं?" सगळे म्हणायचे, छे छे, तुमचं काय चुकलं, चूक त्या दार उघडणाऱ्याची. मीही तेच म्हणायची, जरा ओरडूनच. ते मान डोलवायचे आणि चार दिवसांनी पुन्हा विचारायचे. फक्त ताईला त्यांनी कधी विचारलं नाही. दोघं समोरासमोर जेवायला बसत, नुसतं अन्न चिवडत, आणि भरली ताटं तशीच उचलली जात. ती काय म्हणेल याची त्यांना भीती वाटत होती. खरं सांगायचं तर मलाही वाटत होती.

हॉटेलात त्यांचं दार उघडणं बदललं. हँडलवर हात ठेवून ते आधी मागे बघत. लांबवर एखादी सायकल दिसली तरी ती निघून जाईपर्यंत थांबत. आतले पाहुणे काचेवर टकटक करत, चिडत, तरी हे हलत नसत. बरोबरचे लोक सांभाळून घेत होते, पण ते किती दिवस चालणार?

एका संध्याकाळी ताईचा फोन आला, "अजून घरी आले नाहीत गं. बघतेस का जरा?" मी ऑफिसातून परस्पर हॉटेलवर गेले. भाऊजी निघून गेले होते. झालेला प्रकार सामान उचलणाऱ्याने मला सांगितला.

एक पाहुणा घाईघाईने रस्त्याच्या बाजूचं दार आतून ढकलत होता, आणि मागून पार्सल पोचवणारी एक मुलगी सायकलवर येत होती. भाऊजींनी अख्खं अंग त्या दारावर टाकून ते बंद धरलं. मुलगी निघून गेली, तिला कळलंसुद्धा नाही. पाहुण्याने मात्र हॉटेल डोक्यावर घेतलं. तेव्हा जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेले भाऊजी ओरडले, "आधी मागे बघा! मागे बघायला काय जातं तुमचं?"

मॅनेजरने त्यांना आत बोलावलं. उद्यापासून सामानाच्या खोलीत बसा म्हणाला.

"साहेब, निदान माझ्यासमोर तरी कुणी न बघता दार उघडत नाही," भाऊजी म्हणाले. "एवढं राहू द्या माझ्याकडे."

"तुमचं दुःख कळतं मला," मॅनेजर म्हणाला. "पण पाहुण्यांना नाही ना चालत." भाऊजींनी टोपी काढली, कोट काढला, घडी करून दोन्ही टेबलावर ठेवलं आणि सायकल घेऊन निघाले.

मी त्यांच्या घराच्या रस्त्याला लागले तर पुढे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. सगळे हॉर्नवर हात दाबून बसलेले. कोण शहाणा रस्ता अडवून बसलाय, म्हणत मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. भाऊजी होते. बोडक्या डोक्याने, रस्त्याच्या मधोमध, संथपणे सायकल चालवत होते.

"ए म्हाताऱ्या, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" कुणीतरी ओरडलं.

"हो, बापाचाच आहे!" मी ओरडले, आणि मला रडू फुटलं. कशीबशी गाडी घुसवून मी त्यांच्या मागे आले, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि घरापर्यंत त्यांच्याच चालीने गेले. त्या वाटेवर जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या आयुष्यात खाल्ल्या नसतील. एकीलाही मी उत्तर दिलं नाही.

ताई दारातच उभी होती. भाऊजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि भिंगरी गेल्यापासून प्रथमच तिच्याकडे सरळ बघितलं.

"मी आज मधून आलो," ते म्हणाले. "सगळ्यांना दिसत होतो गं मी. शिव्या देत होते, पण बघत होते. पोरगी बरोबर सांगत होती." मग म्हणाले, "कडेने जा म्हणून मी सांगितलं. चुकलं का गं माझं?"

छे छे, भाऊजी, म्हणायला मी तोंड उघडलं. ताईने हात वर करून मला गप्प केलं.

"हो," ताई म्हणाली. "चुकलं."

ती दारातून पुढे त्यांच्याजवळ आली.

"आणि बाबांचं ऐक म्हणून मी सांगितलं तिला. माझंही चुकलं."

भाऊजी पायरीवर मटकन बसले. हॉस्पिटलात, घरी, कुठेच न रडलेला तो माणूस गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला. ताई त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा तो दारं उघडणारा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आता दुसऱ्या कुणाला विचारत फिरू नका," ती म्हणाली. "मला विचारलंत ना. झालं."