इंगोले सरांनी दिलेला वाढदिवस

इंगोले सर भेटले की "कशी आहेस, काय चाललंय" वगैरे भानगड नसे. थेट विचारायचे, "आज कोन जलमलं, कोन गेलं? सांग." उत्तर आलं नाही की म्हणायचे, "मंग सकाळी उठलीच काहून?" दर्यापूरच्या आमच्या शाळेत परिपाठाला दिनविशेष तेच सांगत, हातात कागद न घेता. कुठली लढाई, कुठला शोध, कोणाची पुण्यतिथी, सगळं तोंडपाठ. आम्ही आ वासून ऐकायचो.

माझा वाढदिवस एका थोर शास्त्रज्ञाच्या जयंतीला. सर मला पुढे उभं करायचे. "या भाजीवालीच्या पोरीले नीट पाहा रे. मोठ्या मानसाच्या दिवशी जलमली." टाळ्या पडायच्या. मी विज्ञान घेतलं, अकोल्याला शिक्षिका झाले, ते त्या टाळ्यांच्या जोरावर. लग्नानंतरही त्या दिवशी सरांचा फोन चुकला नाही. आई मात्र त्या दिवशी साधा शिराही करत नसे. बाजाराची घाई, म्हणायची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे पोरी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात; त्या दिवसांत ती एकदा खीर करायची आणि मला समोर बसवून पोटभर खाऊ घालायची. मला वाटायचं, भुलाबाईचीच खिरापत.

आई गेली. तेराव्याला मावशी सहज बोलून गेली, "ते खीर भुलाबाईची नव्हती व माय. तुह्या वाढदिवसाची होती."

मी उडालेच. मग मावशीनं सगळं सांगितलं. शेजारच्या तात्यांनी कॅलेंडरात पाहून सांगितलेली माझी तारीख आईनं पाठ केली होती. शाळेत नाव घालताना सरांना सांगितलीही. सरांनी भलतीच लिहिली. वर म्हणाले, तुले काय समजते बाई. "मंग तुही माय मले म्हने, मास्तर कायले खोटं बोलन? माह्याच ध्यानात चुकलं असन." खीर मात्र तिनं सोडली नाही. तारीख कोणती, ते मावशीलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी सरांचं घर गाठलं. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "ये व! आज कोन जलमलं?"

"मी कधी जन्मले ते सांगा, सर."

सर हसले. लाज नाही, काही नाही! "समजलं का तुले? अवं, तुह्या मायनं सांगतलेल्या तारखेले काहीच नव्हतं. ना लढाई, ना जयंती. कोरा दिवस. म्हून सरकवली. फायदाच झाला ना तुहा?"

माझं टाळकंच सरकलं. कोरा? माझी आई बाळंत झाली होती त्या दिवशी! शिक्षिकेची भाषा कुठल्या कुठे गेली. "माही माय जलमभर सोताले चुकली समजत राह्यली, सर! कोनती तारीख होती? सांगा."

सरांनी डोळे मिटले. पुटपुटले, बोटांवर काही मोजलं. परक्या देशांतल्या राजांचे जन्म आणि मरण ज्याच्या जिभेवर, तो माणूस बराच वेळ चाचपडत राहिला. मग म्हणाले, "नाई आठवत व. ध्यानात ठेवन्यासारखं काही नव्हतंच ना त्याच्यात."

मी पाणीही न पिता उठले.

सर मागच्या वर्षी गेले. आता पहिल्या पुण्यतिथीला परिपाठात त्यांचं नाव घेणार आहेत. लाडकी विद्यार्थिनी म्हणून मला बोलावणं आलंय, दोन शब्द बोला म्हणे. मी कळवून टाकलं, जमणार नाही, भुलाबाईचे दिवस आहेत. या महिन्यात मी रोज वाटीभर खीर करते. नवरा वैतागतो, रोज काय खीर? वैतागू दे. त्यातला एक दिवस तर आईचा असेलच.