गाडीचं दुखणं मी लपवलं

माझा डावा पाय लहानपणापासून अधू. भीमपूरच्या शाळेत शिकवायला जायचं तर कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून. आधी भाऊ, मग नवरा. तयार होऊन ओट्यावर बसायचं आणि त्यांची आंघोळ कधी उरकते ते पाहायचं. म्हणून क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी जुनी कार मी हट्टानं घेतली. एकट्या उजव्या पायानं चालते ती. घरच्यांनी नाकं मुरडली, पण मी शिकले.

दुसऱ्या वर्षी ती बिघडली. नाल्यावरच्या पुलापुढं चढ आहे. तिथं ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलेना. मग एकदम हिसका देऊन निघायची. एकदा तर कापसाची बैलगाडी मला मागं टाकून गेली. गाडीवान हसला, मीही हसले.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "पाह्य, आमी म्हणत नोतो?" म्हणून किल्लीच काढून घेतली असती. दोन महिने लपवलं. गाडी उताराकडं तोंड करून लावायची, मागं कोणी नसलं तरच चढ घ्यायचा, नवरा सोबत येतो म्हणाला की आज गाडी काढतच नाही म्हणायचं. पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई मी!

शेवटी त्याच चढावर ती कायमची बसली. मेकॅनिकनं गिअरबॉक्समधलं तेल काढून दाखवलं. काळंकुट्ट, जळका वास. "मॅडम, शुरू में ही लाते तो तेल डालने से काम हो जाता. अब अंदर सब जल गया."

"तुले कधीपासून मालूम होतं?" नवऱ्यानं विचारलं. मी खरं सांगितलं. मला मेलीला तेव्हाच तोंड उघडायला काय झालं होतं! ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "मी आहो ना सोडाले, काऊन रडून राह्यली?" एवढंच म्हणाले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता, म्हणून ती भंगारात गेली.

आता पुन्हा मागं बसते. "कुठं जायचं असलं का सांगत जाय," म्हणतात, मनापासून म्हणतात. गाडी होती तेव्हा शाळा सुटल्यावर मी कधीकधी उगाच पैनगंगेपर्यंत गाडी न्यायची, काच खाली करून पाणी पाहत बसायची आणि परत फिरायची. नवऱ्याला कधी कळलंही नाही. आता तिथं कोणाला सांगून जाऊ, आणि काय म्हणून?