बिब्ब्याचं तूप

आक्काचे हात कोपरापर्यंत जास्त पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखे दिसायचे. काळे ठिपके, मध्येच गुळगुळीत झालेले चट्टे. लग्नासाठी तिला बघायला आलेले लोक ते हात पाहिले की कपात चहा अर्धा ठेवूनच उठायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर वडील म्हणाले, "चहा तरी वाचवू," आणि तो विषय संपला.

ते डाग बिब्ब्याचे. बिब्बा म्हणजे बोराएवढं काळं फळ. त्याचं तेल अंगाला लागलं की आधी खाज सुटते, मग आग होते आणि सकाळपर्यंत द्राक्षाएवढे फोड उठतात. हे तेल काढून टाकायला फळाची टोपी कापायची, ते विटांच्या भुग्यात घोळून मुरत ठेवायचं, भुगा तेल प्यायला की बदलायचा आणि शेवटी गरम पाण्यानं धुवायचं. एवढी अंगातली मस्ती जिरवल्यावर त्याचा काढा करून तुपात शिजवायचा. मग ते औषध होतं. लोक चांगल्या कामात मोडता घालणाऱ्याला 'बिब्बा घातला' म्हणतात. आमचं पोट मात्र बिब्बा घालूनच भरतं, असं वडील म्हणायचे. त्यांच्या तोंडचा विनोद तेवढा एकच. बाकी त्यांचा हात बोलायचा.

तूप तपासायला त्यांनीच आक्काला शिकवलं. तुपात शिजलेल्या औषधी लगद्याची दोन बोटांत वात वळली पाहिजे. ती वात विस्तवावर टाकली तर आवाज न करता जळली पाहिजे. चटचटली तर आत पाणी राहिलंय. आणि कढईतला फेस आपोआप बसला पाहिजे. आक्का लहान असताना एकदा वात चटचटली, तेव्हा त्यांनी उलथण्याचा दांडा तिच्या खांद्यावर असा हाणला की हाड सांधूनही उंचवटा राहिला. त्यानंतर तिची वात कधी चटचटली नाही. "बघ, शिकलीस की नाही?" ते म्हणायचे. शिकली होतीच. पण खांदाही विसरला नव्हता.

वडील गेले तेव्हा कारखाना धाकट्या भावाच्या, बाळ्याच्या नावावर झाला आणि भट्टी आक्काच्या गळ्यात पडली. कारखाना म्हणजे राहत्या घराचाच खालचा मजला. पुढे डबे भरायची खोली, मागे दोन कढयांची भट्टी आणि बाजूला पत्र्याच्या दाराची विटांच्या भुग्याची खोली. गडी एकच, पैलवान. कुस्तीत त्याचा कान चुरगळला होता. आता तो खलबत्त्याशी कुस्ती खेळायचा.

त्या वर्षी आक्का तापानं आजारी पडली. नेमकी तेव्हाच बिब्ब्याच्या तुपाची मोठी मागणी आली. ती उठून भट्टीजवळ आली तोवर काढा तयार होता. तिनं अंगाला खोबरेल चोपडलं, तोंडाला फडकं बांधलं आणि तूप शिजवायला घेतलं. वात सुरेख वळली, विस्तवावर मुकाट जळली. फेसही बसला.

पण या तिन्ही गोष्टींवरून तूप शिजलं की नाही एवढंच कळतं. बिब्ब्याचं विष गेलं की नाही, ते कळत नाही. त्यासाठी आक्काची स्वतःची एक रीत होती. खालच्या ओठाच्या आत ती तुपाचं बोट लावायची आणि झोपायची. सकाळी उठली तेव्हा ओठ पावासारखा टम्म फुगला होता.

बाळ्या आणि पैलवान डब्यांना झाकणं लावत होते. आक्का समोर जाऊन उभी राहिली.

"हा घाणा फेकायचा."

"फेकायचा?" बाळ्यानं मानही वर केली नाही. "तूप काय तुझ्या बापानं आणून ठेवलंय?"

"बाप दोघांचा एकच होता. भुग्यातून बिब्बा लवकर कोणी काढला?"

पैलवान जमिनीकडे बघायला लागला. उत्तर मिळालं.

"मी काढला," बाळ्या म्हणाला. "मुरला होता. तुझ्या कातडीला खाजेचं निमित्तच लागतं, आक्का. दुसऱ्या कुणाला काही होत नाही."

"माझ्या ओठाकडे बघ आणि मग बोल."

तिनं डबा उचलला. बाळ्यानं तिचं मनगट धरून पिरगाळलं. डबा सुटेना, तेव्हा त्यानं तिचा हात फडताळाच्या कडेवर आपटला. एकदा, मग पुन्हा. करंगळी वाळक्या काटकीसारखी वाजली. पैलवान एक पाऊल पुढे आला. बाळ्या ओरडला, "तुला काम हवंय ना?" पैलवान तिथंच थांबला.

दुपारी डबे गेले. आक्कानं बोटाला पट्टी बांधली आणि एका हातानं चहा केला. मी सांगायचं ते सांगितलं, तिनं मनाशी म्हटलं, आता त्याचं तो बघेल. चहा गोड झाला होता आणि तिनं तो पूर्ण प्यायला.

काही दिवसांनी सकाळीच पुढचं दार फुटलं. कडी निघाली नाही, अख्खी फळीच आत आली. फळीमागून पहार घेतलेला एक दांडगा माणूस आणि त्याच्यामागे पाच-सहा जण. तो माणूस ट्रक चालवायचा. त्याच्या बायकोनं अंगदुखीवर ते तूप घेतलं होतं. तिच्या तोंडात, घशात फोड उठले होते. ती दवाखान्यात पडून होती आणि पाण्याचा थेंबही गिळू शकत नव्हती.

त्यांनी आधी डबे फोडले. फडताळं आडवी झाली, बरण्या भिंतीवर फुटल्या, काचा आणि तूप पायाखाली एक झालं. बाळ्याची बायको जिन्यात उभी राहून किंचाळत होती. पैलवानानं एकाला उचलून खांबावर आपटलं, दुसऱ्याला गुडघ्यानं दुमडलं. पण तुपावर पाय घसरून तो पडला. पडलेल्या माणसाशी कुणी कुस्ती खेळत नाही. त्याच्या डोक्यात पहारीचं टोक बसलं आणि तो तसाच पडून राहिला.

कुणीतरी आक्काला केसांना धरून भट्टीपाशी ओढत आणलं.

"हिचे हात बघा! हिनंच केलंय."

ट्रकवाल्यानं तिच्या तोंडात मारली. पहिल्या फटक्यात दात हलला, दुसऱ्यात पडला. मग त्यानं एक फुटका डबा उचलला, त्यातलं तूप बोटांवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिचा जबडा दाबला.

"खा! माझ्या बायकोनं खाल्लं ना? आता तू खा!"

आक्कानं तोंड घट्ट मिटलं. ते तूप काय करतं हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. त्याची बोटं तिच्या दातांवर घासत होती आणि ओठ फाटत होता. तिनं मान झटकली.

"मी फेकायला सांगितलं होतं!" ती ओरडली. "मी सांगितलं होतं, हा घाणा फेका म्हणून!"

त्याचा हात थांबला. "मग पाठवला कुणी?"

बाळ्या कुठे आहे ते आक्काला ठाऊक होतं. दार फुटल्याबरोबर तो पत्र्याच्या दाराआड गेला होता. लहानपणी वडिलांचा मार चुकवायला दोघं तिथंच लपायची, ती त्याला आत ढकलायची आणि स्वतः दारासमोर बसायची. आता त्याच दारासमोर ती गुडघ्यांवर पडली होती आणि तोंडातून रक्त गळत होतं.

"विटांच्या खोलीत," ती म्हणाली.

त्यांनी बाळ्याला बाहेर ओढलं. लाल भुग्यानं तो माखला होता, आधीच रक्त आल्यासारखा दिसत होता. "आक्का!" तो ओरडला. दोघांनी त्याच्या छातीवर गुडघे दिले. ट्रकवाल्यानं डबा त्याच्या तोंडात रिता केला आणि उरलेलं तूप तळव्यानं चेहऱ्यावर, डोळ्यांत चोळलं. अगदी सावकाश, माणूस गाडीची काच पुसतो तसं. बाळ्याची टाच फरशीवर आपटत राहिली. आक्का सगळं बघत होती. तिला डोळे मिटता आले असते, पण तिनं मिटले नाहीत.

पोलीस आले तोवर तिघं जमिनीवर होती.

पैलवानाच्या डोक्याला टाके पडले आणि तो वाचला. ट्रकवाल्याची बायकोही वाचली, पण तिचा आवाज बसला तो बसलाच. बाळ्याचा डावा डोळा गेला. चेहऱ्यावरच्या फोडांची साल निघून आली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याला आगीनं झोप यायची नाही. तो उशी चावायचा.

आक्का तांब्याच्या परातीत साधं तूप आणि गार पाणी घेऊन बसायची. वाटीच्या बुडानं तूप घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा घोटायचं. हात भरून येईपर्यंत धुतलं की ते तूप पांढरंशुभ्र, फेसासारखं हलकं होतं आणि भाजल्यावर लावलं की थंडावा देतं. बायकोनं लावायला घेतलं तर बाळ्या तिला ढकलायचा. तेवढा हलका हात आक्काचाच होता.

"तू सांगितलंस," एके दिवशी तो म्हणाला.

"हो."

"मी मेलो असतो."

"हो," आक्का म्हणाली आणि त्याच्या गालावर तूप लावत राहिली. त्यानं तिच्या मनगटाला चावा घेतला, दात आत रुतले. तिनं दुसऱ्या हातानं त्याचं नाक दाबलं. श्वासासाठी त्यानं तोंड उघडलं आणि मनगट सुटलं. मग तिनं उरलेला गाल पूर्ण केला.

महिन्याभरानं ट्रकवाल्याची बायको आली. बारीक चणीची, गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला. फळी ठोकून बसवलेल्या दाराशी ती उभी राहिली. आक्का पुढे झाली.

"तूप तूच केलंस?" आवाज नव्हताच. नुसती हवा येत होती.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

बाईनं सणसणीत थोबाडीत दिली. आक्काचा तोल गेला, तिनं चौकट धरली.

"मला फार बोलता येत नाही," बाई म्हणाली, "म्हणून हात उचलला." थोडा दम खाल्ला. "भावाला सांगितलंस, आता त्याला धरूनही दिलंस. मला कुणी सांगितलं? मी डबा घेतला त्या दुकानापर्यंत यायला तुझे पाय मोडले होते?"

आक्का आत गेली. तिनं पाणी आणून दिलं. बाईनं आधी त्याचा वास घेतला, मग थेंब थेंब गिळत प्यायली. प्रत्येक घोटाला तिचे डोळे मिटत होते.

कोर्टात आक्कानं दोन्हीकडची साक्ष दिली. घाणा बिघडलेला होता आणि तो कुणी पाठवला, हे सांगितलं. डोळा कुणी घालवला, तेही सांगितलं. ट्रकवाला तुरुंगात गेला. बाळ्याला दंड झाला, परवाना गेला, भट्टीला टाळं लागलं. घरी आल्यावर भावजयीनं आक्काचं गाठोडं जिन्यावरून खाली फेकलं.

"वन्सं, घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं वासाच आधी फिरला!"

आक्कानं गाठोडं उचललं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका औषधवाल्याकडे तिला भट्टीवर काम मिळालं. पैलवान आधीच तिथं कुटायच्या कामाला लागला होता. कारखाना मोठा, मालक तापट. पहिल्या हिवाळ्यातच तिला दिसलं की काढा तांब्याच्या ज्या भांड्यात ठेवला होता, त्याची कल्हई उडाली होती आणि तळाशी उरलेल्या काढ्यावर तांब्याच्या विषाची हिरवट झाक आली होती. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "तुपात गेल्यावर कोण बघतंय? उरलेलाही ओत."

"बाकीचा आधीच ओतला गेलाय. कढई उकळतेय. हे तूप कुणाच्या पोटात जायला नको."

"म्हातारे, तुला पगार कशाचा मिळतो?"

आक्का कढईकडे गेली. उलथण्याचा दांडा कडीत अडकवला आणि सगळं अंग टाकून ओढलं. कढई कलंडली. उकळतं तूप फरशीवरून मोरीकडे धावलं आणि जाता जाता तिच्या उजव्या पायावरून गेलं. ती खाली बसली. मालकानं तिच्या पाठीत लाथ घातली, पुन्हा घातली. तिसऱ्या लाथेआधी पैलवानानं त्याला दोन्ही काखांत धरून उचललं आणि कोळशाच्या ढिगावर फेकलं.

दोघांचंही काम त्याच क्षणी गेलं. पैलवानानं आक्काला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्याच्या दिशेनं चालायला लागला. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते.

"आक्का," थोड्या वेळानं तो म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही असं केलं असतं तर?"

तिनं जळता पाय त्याच्या कमरेपासून लांब धरला.

"तर मार खाल्लाच असता रे. पण मी एकटीनं खाल्ला असता."

"मीही तेव्हा थांबलोच," तो म्हणाला.

"थांबलास," आक्का म्हणाली. "आता पाय उचल."