शुक्रवारचा जपानी पिक्चर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, गावच्या देवापुढेही कधी बोललो नाही. तुला सांगतोय — आणि सांगतानाही वाटतंय, नको, राहू दे. पण आता तोंड उघडलंच आहे, तर ऐक.

दोन हजार बारा-तेराची गोष्ट. मी ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर होतो. कॅम्पच्या एका खोलीत आम्ही सहा जण, सगळे कोकणातले. शुक्रवारी सुट्टी, दुपारी जेवलं की दाराला कडी आणि लॅपटॉपवर पिक्चर. कसले ते तुला कळलं असेल — हो, तसलेच. लाजायचं काय त्यात? दोन-दोन वर्षं घर न बघितलेली माणसं आम्ही! पण कुणाच्या तरी हार्डडिस्कमध्ये जुने जपानी पिक्चर सापडले आणि आम्हाला त्यांची चटकच लागली. त्यात उघडं अंग कमी, गावच जास्त. चिखलात लावणी करणाऱ्या बायका, गवताची छपरं, प्रेमात पडून झुरणारी माणसं — आमच्याकडचंच वाटायचं सगळं. भाषा मात्र कुणाला कळत नव्हती.

मला कळायची. म्हणजे — मी तसं सांगितलं होतं. प्लांटमध्ये एका जपानी इंजिनिअरच्या हाताखाली दोन महिने काम केलं, चार शब्द शिकलो. तेवढ्यावर मी बाईचं, बाप्याचं, सासूचं, सगळ्यांचं बोलणं मराठीत सांगायचो. थापा रे, निव्वळ थापा! पण खोली हसायची, कधी डोळेही पुसायची. काय रुबाब होता माझा तिथे, म्हणून सांगू!

आमच्यात दिनेश होता, गुहागरकडचा, लग्नाला जेमतेम वर्ष झालेला. रोज जेवणाच्या सुट्टीत बायकोला, सुलभाला, फोन लावायचा आणि पाठ फिरवून हळूच हसायचा. माझी बायको गॅस संपला आणि पोराला ताप आलाय, यापलीकडे बोलायची नाही. जळायचो मी त्याच्यावर. दुसरा शब्द नाही त्याला.

एका शुक्रवारी जो पिक्चर लागला, त्यात नवरा हिवाळ्यात शहरात कामाला जातो आणि इकडे बायकोचा जीव गिरणीवाल्यावर जडतो. शेवटी नवरा परत येतो. ती उंबऱ्यात बसून त्याच्याशी कितीतरी वेळ बोलते, रडते. काय बोलत होती? देव जाणे. माफी मागत असेल. मी दिनेशकडे बघितलं — मुद्दाम बघितलं — आणि म्हटलं, ती सांगतेय, "तुला पत्र लिहायचे ना, तेव्हा तो शेजारीच असायचा. आम्ही दोघं हसायचो तुला."

दिनेश उठून बाहेर गेला.

त्यानंतर फोनवरचं हसणं थांबलं. घरात कोण आलंय? मागे आवाज कुणाचा? रोज तेच. मग चुलतभावाला तिच्यावर पाळत ठेवायला सांगितलं, तिचा मोबाईल काढून घ्यायला लावला. शेवटी ती माहेरी गेली. तिथून एकदा तिनं मला फोन केला, नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "दादा, ते तुमचं ऐकतात. मी काही केलं नाही हो. एवढं सांगा त्यांना."

सांगतो वहिनी, म्हटलं मी.

सांगायचं तरी काय होतं? एकच वाक्य — मला जपानी येत नाही. कितीदा ते जिभेपर्यंत आलं. पण मग ते पाच जण माझ्याकडे कसे बघतील? शुक्रवारी मला कोण विचारेल? एवढ्यासाठी, रे! एवढ्यासाठी मी एका बाईचा संसार मोडू दिला. पुढच्या शुक्रवारी नवा पिक्चर लागला, तोही मी सांगितला.

सात महिन्यांनी दिनेश नोकरी खलास करून निघाला. घरी नाही, सरळ वकिलाकडे जाणार होता. खाली ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला लवकर, करत होता. दिनेशनं मला घट्ट मिठी मारली. म्हणाला, "दादा, तू होतास म्हणून माझे डोळे उघडले."

मी त्याची बॅग उचलून गाडीत ठेवली.