कॅप्टनचं काळं लोणचं

जपानातल्या कुशिउराच्या विमानतळावर माझं अर्धं आयुष्य गेलं, तेही एकाच टेबलाशी. वैमानिक कामावर आला की त्याला हवामान, इंधन, धावपट्टीची हालत सांगायची, सही घ्यायची आणि विमानाकडे पाठवायचं. पुढे त्यात आणखी एक काम वाढलं. कुठल्याशा कंपनीचा वैमानिक पिऊन कामावर आला, पेपरांत गाजलं, आणि तेव्हापासून प्रत्येकाने आधी माझ्यासमोर एका यंत्रात फुंकायचं असा नियम झाला. हिरवा दिवा लागला तर विमान, लाल लागला तर घर. त्या यंत्राला मी फुंकणी म्हणते. मोठमोठे कॅप्टन चुलीशी बसल्यासारखे गाल फुगवून फुंकत असतात आणि मी सासूसारखी बघत उभी असते.

ओस्वाल्दो झानेत्तीइतका मुकाट्याने फुंकणारा दुसरा नव्हता. तो ब्राझीलचा, कुरितिबाचा. तिकडे चांगला मुरलेला कॅप्टन. पन्नाशीच्या तोंडावर त्याची कंपनी बुडाली आणि त्याने एका मध्यस्थामार्फत आमच्याकडे अर्ज टाकला. परदेशी वैमानिकाने आमच्याकडे अर्ज टाकायचा म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. आधी मुलाखत, मग खोट्या कॉकपिटमध्ये परीक्षा, मग टोकियोत वैद्यकीय तपासणी. मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या बाहुल्या, दात, गुडघे. लग्नाच्या मुलीलासुद्धा कुणी इतकं निरखून बघत नाही. मग आमच्या हवाई कायद्याची लेखी परीक्षा, मग तोंडी, मग खरं विमान, पण शेजारी आमचा तपासनीस वही घेऊन. आयुष्यभर कॅप्टन असलेल्या माणसाला कॅप्टनचा कोट पुन्हा अंगावर चढवायला दीड वर्ष लागलं. त्याच्याबरोबर आलेले एकेक करून परत गेले. कुणाची बायको कंटाळली, कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलं. ओस्वाल्दो राहिला, कारण परत जायला तिकडे कंपनीच उरली नव्हती.

त्याची बायको एकदा आली होती, ऑगस्टच्या उकाड्यात. आठवड्यात परत गेली. त्यानंतर फोनवर दोघं कुत्र्याबद्दल बोलायचे. मग कुत्रा मेला.

राहायला तो किकुए मावशींकडे होता. मावशी म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेली विधवा, माहेर नाराकडचं. बंदराच्या चढावर त्यांचं दुमजली घर, वरच्या खोल्या भाड्याने. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं. ओस्वाल्दो आमची भाषा शिकला ती त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यामुळे हा सहा फुटी माणूस म्हातारीसारखा बोलायचा. पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “अगं बाई, आज काय मेला वारा सुटलाय.” मागे उभा असलेला सहवैमानिक खोकत बाहेर पळाला. त्याला कुणीच सुधारलं नाही. आम्हालाही मजा हवीच होती.

आमच्याकडे परदेशी कॅप्टनला पासष्टीपर्यंत उडवतात, पण करार तीन-तीन वर्षांचा. दर वेळी नव्याने ठरतं, ठेवायचं की घालवायचं. ओस्वाल्दोला आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पासष्टीपर्यंत इथे उडायचं, शेवटचं विमान इथेच उतरवायचं, आणि जिन्याखाली मावशींच्या हातून फुलं घ्यायची. निवृत्त होणाऱ्या कॅप्टनसाठी तसं करतात आमच्याकडे. त्याने दुसऱ्यांच्या वेळी टाळ्या वाजवत उभं राहून बघितलं होतं. मावशींनी तर किमोनो कुठला नेसायचा तेही ठरवून ठेवलं होतं.

तो बासष्टचा असताना कराराचा निर्णय महिनाअखेरीला व्हायचा होता, आणि त्याच महिन्यात एका सकाळी लाल दिवा लागला.

नेहमीप्रमाणे आला, टोपी काखेत, डोळ्यांखाली पिशव्या. फुंकला. लाल. मला वाटलं यंत्र बिघडलं, मी दुसरं आणलं. तेही लाल.

“काय प्यायलात?” मी विचारलं.

“चहा,” तो म्हणाला. “मावशींच्या हातचा. तुला माहीत नाही का, मी पीत नाही ते?”

माहीत होतं. कंपनीच्या पार्टीत हा माणूस संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात बसायचा. पण माझ्या माहीत असण्याला यंत्र विचारत नाही. मी वर फोन केला. करणं भागच होतं. दुसऱ्या कॅप्टनला घरून बोलावलं, विमान उशिरा सुटलं, प्रवाशांपुढे काउंटरवरच्या आमच्या मुली माफी मागत कंबरेत वाकून वाकून दमल्या. ओस्वाल्दोने चूळ भरली, थोडा वेळ बाकावर बसला आणि पुन्हा फुंकला. हिरवा. पण पहिला लाल होता तो होताच.

दुपारी त्याला हिदाका साहेबांपुढे उभं केलं. हिदाका साहेब म्हणजे उड्डाण विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण चष्मा पुसत बोलतो आणि चष्मा कधी स्वच्छ होत नाही. साक्षीदार म्हणून मीही होते.

“दिलगिरी लिहून द्या,” साहेब म्हणाले. “कारण नंतर बघू.”

“कसली दिलगिरी? मी प्यायलोच नाही.”

“दिवा लागला ना? दिवा लागला याची दिलगिरी.”

आमच्याकडे हे असंच. चूक झाली की आधी वाकायचं, मग कारण शोधायचं, आणि तोवर कारणात कुणाला रस उरलेला नसतो. आमचा माणूस असता तर लिहून मोकळा झाला असता. पण ओस्वाल्दोला ठाऊक होतं, महिनाअखेरीला करारवाले तेवढा एकच कागद वाचतील.

“सकाळी खाल्लं काय?” मी मध्येच विचारलं. साहेबांना ते आवडलं नाही.

“भात, सूप, लोणचं. रोजचंच.”

“कसलं लोणचं?”

“काळं. आज मावशींच्या नवऱ्याचा दिवस होता. त्याला नैवेद्य दाखवला आणि मग मला वाढलं. नाही कसं म्हणणार बाई?”

मी कपाळाला हात लावला. नाराकडचं काळं लोणचं. वाळकाच्या फोडी साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यात घालून ठेवतात, दर वर्षी चोथा बदलतात, आणि वर्षांमागून वर्षं मुरून त्या काळ्या होतात. खाणाऱ्याला गोडसर लागतं. दारू प्यायल्यासारखं मुळीच वाटत नाही. एरवी ते संध्याकाळच्या जेवणात असायचं, आणि नवऱ्याच्या दिवशी याआधी त्याला सकाळचं विमान कधी लागलं नव्हतं, म्हणून कधी अडलं नाही. त्या दिवशी नैवेद्य म्हणून पहाटे वाढलं गेलं, आणि नवऱ्याचा नैवेद्य टाकायचा नसतो म्हणून ओस्वाल्दोने वाटी पुसून खाल्ली.

मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. “लोणच्याने दिवा लागला असं मी वर काय तोंडाने सांगू?”

कामावरून सुटल्यावर मी चढ चढून मावशींकडे गेले. ऐकता ऐकता त्या खाली बसल्या. “माझ्या हाताने केलं मी हे,” म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, तसं काही नाही. त्यांनी ऐकलं नाही. मला चहासुद्धा विचारला नाही, आणि मावशींच्या घरी असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या ऑफिसात आल्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाजारात ढकलत नेतात तसली चाकाची गाडी, तीत लोणच्याचं लाकडी पिंप, अंगावर काळा किमोनो. एवढा चढ-उतार करून, बस बदलून आल्या होत्या. हिदाका साहेब उठून उभे राहिले. मावशी आधी जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकल्या, मग पिंपाचं झाकण उघडलं. चोथ्याचा वास सगळ्या खोलीत पसरला.

“साहेब, एक फोड खा.”

“मावशी, मी ड्युटीवर आहे.”

“माझ्या नवऱ्याच्या नैवेद्याचं आहे.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी एक फोड खाल्ली. मावशींनी दुसरी पुढे केली, मग तिसरी.

“बरं झालंय का?”

“चांगलं झालंय,” साहेब तोंड भरून म्हणाले, आणि खरंच ते चांगलं झालं होतं.

“आता फुंका.”

मी फुंकणी पुढे धरली. साहेबांनी गाल फुगवले. लाल. टेबलांशी बसलेली सगळी माणसं एकदम कामाला लागली. कुणी छताकडे बघत होतं, कुणी बंद पडलेल्या प्रिंटरमध्ये कागद घालत होतं.

“साहेब, आता लगेच गाडी चालवू नका,” मी म्हटलं. “पोलीस धरतील.”

हिदाका साहेब मावशींपुढे वाकले, मग ओस्वाल्दोला बोलावून त्याच्यापुढे वाकले. पण पहिला लाल दिवा कागदावरून पुसता येत नाही म्हणाले. त्याच्या खाली खुलासा जोडू. करार झाला, पण तीन वर्षांचा नाही, एकेक वर्षाचा. आणि वैमानिकांच्या खोलीत भिंतीवर सूचना लागली, दोन भाषांत, की कामाआधी काळं लोणचं खाऊ नये. ती अजून आहे.

घरी मावशींनी पिंप रिकामं केलं, फोडी शेजाऱ्यांत वाटल्या. ओस्वाल्दोने खूप समजावलं, संध्याकाळी खाल्लं तर चालतं म्हणाला. मावशी म्हणाल्या, “तुम्ही उडताय तोवर या घराच्या पानात ते येणार नाही.” एवढ्यावर थांबल्या असत्या तर मावशी कसल्या. पुढच्या सकाळपासून दाराशी बूट घालणाऱ्या ओस्वाल्दोसमोर त्या चेहरा पुढे करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “फुंका.” तो वाकून त्यांच्या तोंडावर फुंकायचा. त्या हुंगायच्या आणि म्हणायच्या, “हिरवा. जा आता.” मग तो माझ्याकडे येऊन पुन्हा फुंकायचा.

एकदा वादळामुळे विमानं अडकली होती. ओस्वाल्दो माझ्या टेबलाशी गार कॉफी घेऊन बसला होता. मी म्हटलं, “थकलेले दिसता.”

“उडण्याने थकत नाही ग. उडणं राहिलंय किती? इथे फुंकून दाखव, तिथे छाती उघडून दाखव, मग तपासनीस येऊन बसणार, मग करार. रोज उठून सिद्ध करायचं की मी काल होतो तोच आहे. पोर वयात येताना इतकं सिद्ध करत नाही.” कॉफीचा कप त्याने तसाच ठेवला. “सिद्ध करून करून कंटाळलो. झोप येते बाई मला.”

“मग सोडून द्या.”

“आणि मावशींचा किमोनो?” तो म्हणाला, आणि हसला तेव्हा मला त्याचं वय पहिल्यांदाच नीट दिसलं.

त्या वर्षीचा करार सरळ झाला, वर कुणी काही विचारलं नाही. पुढचं वर्ष त्याला मिळालं नाही. शरदातल्या तपासणीत डॉक्टरला त्याच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकताना दिसले. त्याला स्वतःला काही जाणवत नव्हतं. घरी आजोबा म्हणून बसणाऱ्याला चाललं असतं, पण कॅप्टनला नाही. टोकियोला पुन्हा पाठवलं, यंत्रं लावली, पुन्हा तेच. विमान चालवायला अपात्र, कायमचा. तो चौसष्टचा होता. शेवटचं विमान त्याने आधीच उतरवलं होतं, पण ते शेवटचं आहे हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. मंगळवारचं साधं विमान होतं, पाऊण रिकामं.

टोकियोहून परतल्या दिवशी तो हेडफोन आणि टोपी जमा करायला आला. हिदाका साहेब वाकले, आणि या वेळी बराच वेळ वर उठले नाहीत. फुलं कुणी आणली नव्हती, कारण निवृत्ती नव्हती ती, अपात्रता होती, आणि अपात्रतेला काय द्यायचं याची आमच्याकडे पद्धत नाही. मला भयंकर राग आला. कुणाचा ते अजून सांगता येत नाही. मी त्याला माझ्या गाडीतून घरी सोडलं. बंदरापाशी त्याने एकदा वर बघितलं, आमचंच दुपारचं विमान चाललं होतं.

मावशी दारात होत्या. फोनवर कळलं होतं त्यांना. आम्हा दोघांना आत बसवलं आणि मागच्या खोपटात गेल्या. झाकण काढल्याचा आवाज आला आणि मग तो वास. मी ओस्वाल्दोकडे बघितलं, तो दाराकडे बघत होता.

मावशींनी बशी आणून समोर ठेवली. वाळकाच्या फोडी होत्या, पण काळ्या नव्हत्या, पिवळट होत्या.

“तुमचा तो लाल दिवा लागला ना, त्याच आठवड्यात घातलं होतं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, तुम्ही पासष्टला खाली उतराल तोवर काळं होईल. तुम्हाला सांगितलं नाही. अजून कच्चं आहे. चोथा झोंबेल.”

ओस्वाल्दोने एक फोड उचलली आणि खाल्ली. झोंबली असणार, कारण डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला त्याने हात वर केलाच नाही. दुसरी खाल्ली. मग मावशींनी गुडघ्यांवर हात टेकून सवयीने चेहरा पुढे केला.

“फुंका.”

तो फुंकला. मावशींनी हुंगलं. आवाज रोजचाच होता.

“लाल. आज तुम्हाला विमान मिळायचं नाही.”

“नको मेलं,” ओस्वाल्दो म्हणाला, आणि आणखी वाढा म्हणून त्याने बशी पुढे केली.