हिरव्या रिबिनीतल्या पिशव्या

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शॉमबर्गमधल्या आमच्या प्लॅस्टिक कंपनीला अचानक सदसद्विवेकबुद्धी फुटली. जमिनीत कुजणारी पिशवी करा, असा वरून हुकूम आला. माझा ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीमार्फत होता आणि हे काम चाललं तरच कंपनी मला ठेवणार होती. त्यामुळे माझाही निसर्गावर जीव जडला.

मक्याचं स्टार्च कुरडयांच्या चिकासारखं शिजवायचं, काचेवर पातळ ओतायचं, वाळलं की सोलायचं. नुसतं स्टार्च पापडासारखं मोडतं, म्हणून त्यात ग्लिसरीन. कमी पडलं तर फिल्म तडकते, जास्त झालं तर हवेतला दमटपणा पिऊन चिकट होते. या दोन संकटांमधली जागा मला जवळजवळ सापडली होती. पथ्य एकच : पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवायच्या नाहीत. म्हणून मी मध्ये मेणकागद घालत असे.

उपाध्यक्षांनी भर जुलैत हिरवळीवर तंबू ठोकून समारंभ ठरवला. एसीत घेऊ या, असं मी सुचवलं. "निसर्गाचं काम निसर्गात व्हावं," असं उत्तर मिळालं.

सकाळी पाहतो तर मेणकागद गायब. ते गबाळे दिसतात म्हणून जाहिरातवाल्या बाईंनी आदल्या दिवशीच काढून टाकले होते आणि पिशव्यांची चवड हिरव्या रिबिनीत बांधली होती. पृथ्वी आणि नातवंडांवर बोलून झाल्यावर उपाध्यक्षांनी वरची पिशवी उचलली. अख्खी चवड वर आली. त्यांनी हसत हसत ओढलं, आणि हातात चिंधी राहिली.

मला या कंपनीत चिकटवणारे, मूळचे नागपूरचे काका संध्याकाळी म्हणाले, "अरे, मेणकागदाचं सांग ना त्यांना!"

"सांगितलं, काका."

"मग?"

"रिबिनीची कल्पना उपाध्यक्षांची होती."

"मग गप बस, बाबा."

पुढच्या बैठकीत ठरलं, नेहमीच्याच प्लॅस्टिकमध्ये थोडं स्टार्च मिसळायचं आणि वर 'कुजणारी' असं छापायचं. मी गप बसलो नाही. "स्टार्च कुजेल. प्लॅस्टिक तसंच राहील."

"उकरून कोण बघणार आहे?" उपाध्यक्ष म्हणाले. सगळे हसले.

थोड्याच दिवसांत माझं पद रद्द झालं, आणि त्याबरोबर अर्जही. निरोपाला केक होता. उरलेला केक उपाध्यक्षांनी मला आपुलकीने नव्या पिशवीत घालून दिला. पिशवीवर हिरवं पान छापलेलं होतं.

घरी बायकोने केक काढून ठेवला आणि पिशवी ताणून पाहिली.

"ही ठेवते हं," ती म्हणाली. "मजबूत आहे. सामान बांधायला होईल."