भार कुठं बसला?

सय्यदसाहेबांपुढे ड्रॉइंग ठेवलं की ते आधी चष्मा काढत. लोक चष्मा लावून बघतात, हे काढून बघत, कागदाला नाक लागेल इतकं वाकून. मग उजव्या हाताचं बोट मोटरच्या पुलीवर ठेवून म्हणत, "हं, चल. भार कुठून आला?"

आपण सांगायचं, पट्ट्यावरून पुलीत. बोट पुलीवर. "पुलीतून?" पुली जखडणाऱ्या चावीतून शाफ्टमध्ये. बोट सरके. "शाफ्टमधून?" बेअरिंगमध्ये, बेअरिंगमधून बॉडीत, बॉडीतून पायाच्या बोल्टांत, बोल्टांतून जमिनीत. बोट कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरलं की साहेब सरळ उभे राहत. "पोचला घरी. आता आकडेमोड कर." मध्ये कुठे आपण अडलो तर ड्रॉइंगची गुंडाळी परत हातात. "भार हवेत विरत नाही, औटी. कुठं तरी बसतोच. कुठं बसवायचा ते तू ठरवलं नाहीस, तर तो आपली जागा आपण निवडतो. आणि त्याची निवड फार वाईट असते."

साहेबांना जाऊन आता वर्ष होत आलं. पण कुठे काही करकरलं, कुलूप असो की झोपाळा, माझं बोट आपोआप पुढे होतं.

सुप्याच्या एमआयडीसीत आमचा कडबाकुट्टीचा कारखाना. गुरांचा चारा बारीक करायचं यंत्र. सय्यदसाहेब डिझाइनचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली नवा. मूळचे ते राहात्याचे, घरची पेरूची बाग. हंगामात कंपनीच्या बसमधून पिशवी भरून पेरू यायचे आणि कारखाना सुटायच्या आत संपायचे. बोलणं पुस्तकी, पण खूश झाले की "लई भारी!" अशी आरोळी ठोकत. शाफ्टची जाडी बदलते तिथे काटकोनी पायरी ठेवलेली त्यांना खपत नसे. "गोलाई दे, बाबा, गोलाई दे. चीर कोपऱ्यातच जन्माला येते." स्वतःच्या जिभेला मात्र त्यांनी गोलाई दिली नव्हती. एका पुरवठादाराला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुमचं लोखंड आणि तुमचा शब्द, दोन्हींत पोकळी आहे."

माझ्या लग्नात ते आले ते आहेराचं पाकीट खिशात ठेवून थेट स्टेजखाली शिरले. सासऱ्यांनी मला कानात विचारलं, "हे डेकोरेटरचे का?" दहा मिनिटांनी साहेब गुडघे झटकत बाहेर आले आणि मांडववाल्याला म्हणाले, "नवरानवरीचा भार तू धरलास, फोटोला उभ्या राहणाऱ्या मावशांचा धरला नाहीस. मधे एक टेकू दे." टेकू दिला गेला. मावशांनी ते वाक्य ऐकलं होतं. आमच्या सोनईच्या मावशी त्यांना पुढे कितीतरी वर्षं 'तो टेकूवाला' म्हणत.

आता पिनबद्दल सांगायला हवं, कारण साहेब कळायचे तर पिन कळायला हवी.

कडबाकुट्टीत चारा आत ओढणारे दोन दातेरी रोल असतात. त्यांना फिरवणाऱ्या गिअरच्या तोंडाशी साहेबांनी एक मऊ लोखंडाची पिन ठेवली होती. चाऱ्याबरोबर दगड किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की आधी ही पिन तुटायची, रोल थांबायचे, बाकी यंत्र शाबूत. "सगळंच मजबूत करायचं हे पैलवानाचं डिझाइन," ते म्हणत. "शहाणा माणूस एक जागा मोडण्यासाठी राखून ठेवतो. आपण ठेवायची, आपल्या मर्जीनं."

तत्त्व सोळा आणे खरं. पण पारनेर तालुक्यातून तक्रारींवर तक्रारी यायला लागल्या. पिन फार तुटते. एकदा साहेब रजेवर असताना मालकांनी मलाच पाठवलं, राळेगणसिद्धीच्या पुढे एका वस्तीवर. हिराबाई नावाच्या बाईंकडे चार म्हशी होत्या, दुधावर घर चालायचं. मी पोचलो तेव्हा म्हशी दावणीला ओरडत होत्या आणि बाई यंत्रापुढे कमरेवर हात देऊन उभ्या.

"आलात? बगा तुमची पिन. नव्या नवरीवानी हाय, जरा बोललं की मोडली! जाळीचं झाकन काडा, दोन पाने लावा, आत हात घाला. तंवर म्हशी काय उपाशी ठिवू?"

मी पिन बदलली. माझ्या डोळ्यांदेखत ती पुन्हा तुटली. दुसरी बदलली, तीही तुटली. ऊन चढलं होतं, म्हशींचा आरडाओरडा, बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू, आणि मला पारनेरची बस गाठायची होती. माझ्या पिशवीत जुळणीच्या कामाचे कडक पोलादी बोल्ट होते. त्यातला एक मी पिनेच्या भोकात बसवला. यंत्र गरगर चाललं. हिराबाईंनी मला तांब्याभर ताक दिलं. "आस्सं पायजे! हुशार हायेत तुमी." मी ताक प्यायलो आणि बसच्या वाटेला लागलो. साहेबांना सांगितलं, "पिन बदलून आलो." पुरतं खोटं नव्हतं ते, अर्धं होतं. अर्धं खोटं जास्त टिकतं.

महिना-दीड महिन्यानं बातमी आली. हिराबाईंच्या यंत्राचा गिअर फुटला, बिडाचा तुकडा उडाला आणि गोठ्याचा पत्रा फाडून गेला. बाई नेमक्या वैरण आणायला वळल्या होत्या, म्हणून वाचल्या. मालक ओरडले, "पिन ठेवली होती ना? मग गिअर कसा फुटला?" साहेबांचा चेहरा पडला. असं व्हायला नको होतं, त्यांच्या हिशेबात हे बसतच नव्हतं. मला म्हणाले, "औटी, गाडी काढ. जाऊन बघू."

सुपा ते ती वस्ती, माझ्या मोटरसायकलवर, साहेब मागे. वाटभर ते भाराचा रस्ता माझ्या पाठीवर बोटानं काढत होते. "इथून आला... इथं पिन... मग पुढं कसा गेला?" ते बोट मला अजून पाठीवर जाणवतं. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, पिन नव्हतीच, मी बोल्ट घातला होता. गाडीच्या आवाजात तेही सोपं होतं. मी फक्त गिअर बदलत राहिलो, गाडीचे.

गोठ्यात शिरल्याबरोबर साहेबांनी चष्मा काढला आणि यंत्रात डोकं घातलं. थोड्या वेळानं बाहेर आले, हातात माझा बोल्ट. "बाई, हा कुणी घातला?"

हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "आमच्या पोरानं. बाजारातनं आनला हुता. सारकी पिन मोडतीया म्हनल्यावर काय करावं मान्सानं?"

मी जमिनीकडे बघत राहिलो.

साहेबांनी बोल्ट खिशात टाकला आणि ओट्यावर बसले. "आता यंत्र बाजूला ठेवा. तुम्ही हातानं वैरण कशी घालता, ते दाखवा." बाईंनी पेंढी उचलली आणि दाखवली. साहेब एकदम उठले. ज्वारी उपटून काढलेली, त्यामुळे कडब्याच्या बुडख्याला मुळं, मुळांत मातीची ढेकळं, ढेकळांत खडे. आणि बाई पेंढी बुडख्याकडूनच आत घालत होत्या, कारण तो भाग जड, आधी सरकतो.

साहेब पोट धरून हसले. "अरे औटी, मी राहात्याचा माणूस! आमच्याकडं कॅनॉलचं पाणी, गुरं उसाचं वाढं खातात. ओलं, मऊ. यंत्र मी राहात्याच्या म्हशीसाठी केलं आणि विकलं पारनेरच्या म्हशीला. पिनेची काय चूक?" हिराबाई म्हणाल्या, "म्हशीची तरी काय चूक?" दोघं हसत होते. मीही हसलो, तोंडानं.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये मी ड्रॉइंगांची गुंडाळी धरून दाराशी उभा होतो. गिऱ्हाइकानं दुसरा बोल्ट घातला असेल तर कंपनी काही भरून देत नाही, हा नियम. हिराबाईंना नवा गिअर घेणं झेपलं नसतं. सय्यदसाहेब म्हणाले, "गिअरची ताकद मी कमी धरली. डिझाइन माझं चुकलं. बाईंना गिअर आपण द्यायचा." बोल्टचं नाव नाही. मालक नको तेवढं बोलले. मी दाराशी होतो, एक पाऊल आत टाकलं असतं तर पुरलं असतं. गुंडाळी घामानं ओली झाली होती, तेवढंच माझं योगदान.

साहेबांना डिझाइनमधून काढून फिरतीवर टाकलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासले' पुढे त्यांचं नाव असायचं, तिथं माझं आलं.

लोकांना वाटलं, साहेब खचतील. झालं उलटंच. ते गावोगाव हिंडले, ओट्यावर बसून चहा प्यायले, प्रत्येक तालुक्याची वैरण हातानं चोळून आले. पिन त्यांनी कडक केली नाही. तिची जागा बदलून घेतली. झाकणाच्या आतून ती बाहेर आली, यंत्र बंद करून उभ्या उभ्या बोटांनी बदलता येईल अशी, आणि यंत्राच्या पायाला एक डबी, तिच्यात जास्तीच्या पिना. "मोडणारी वस्तू दडवून ठेवू नये," ते म्हणत. "हाताशी ठेवावी. मोडली, बदलली, पुढं चला." त्यानंतर पारनेरहून शिव्या आल्या नाहीत, दिवाळीचा फराळ आला. त्या नव्या पिनेचं ड्रॉइंग तपासून सही मीच केली. नाव माझं.

साहेब निवृत्त झाल्यावर दर हंगामात मला राहात्याला बोलवत आणि मी काही तरी निमित्त काढत असे. शेवटी एका वर्षी गेलो. पेरूच्या झाडाखाली बाजेवर बसून त्यांनी पेरू चिरला, तिखटमीठ लावलं, पुढे केला. तो हातात धरून मी सगळं सांगितलं. बोल्ट, ताक, गाडी, केबिनचं दार.

"तो बोल्ट तुझा?" ते म्हणाले. "मला वाटायचं, बाईंच्या पोराचाच. त्याला सांभाळायचं म्हणून मी केबिनमध्ये बोललो तसं." मग त्यांनी चष्मा काढला आणि बाजेच्या दांडीवर बोट ठेवलं. "चल. भार कुठून आला?"

"माझ्याकडून, साहेब."

"मग?"

"हिराबाईंवर. त्या खोटं बोलल्या."

"तिथून?"

"तुमच्यावर. तुमच्यातच बसला तो. खुर्ची गेली, नाव गेलं."

बोट थांबलं. "नाव गेलं त्याचं वाईट वाटलं होतं. नाही म्हणणार नाही. आत्ताही थोडं वाटलं, तुझा राग आला. पण माझ्यात बसला म्हणतोस ते चूक. मला फिरती मिळाली, आयुष्यातली सगळ्यात मजेची नोकरी ती. बाईला गिअर मिळाला. मग भार गेला कुठं? हवेत विरत नाही म्हणून शिकवलं होतं ना तुला?" आणि ते बोट उचलून त्यांनी माझ्या छातीवर टेकवलं. "बेअरिंग तापलं की हात लावून कळतं. इतकी वर्षं तू पेरू खायला येत नव्हतास, तेव्हाच हात लावून बघायला हवा होता मी. खा तो आता. काळा पडला."

मी खाल्ला. मग म्हणाले, "हिराबाईला भेटलास?"

"नाही."

"मग अजून जमिनीत पोचला नाही." आणि पिशवी भरून पेरू माझ्या गाडीला अडकवले.

तसाच गेलो. हिराबाई आता वाकल्या होत्या, पण यंत्र तेच, पायाला डबी. पेंढ्यांची मुळं कोयत्यानं तोडून बाजूला रचलेली. पेरूंची पिशवी मी दावणीजवळ टेकवली. मी सांगायला लागलो तशी त्यांनी हातानं थांबवलं. "ठावं हाय की. मी व्हते ना तिथं."

"मग पोराचं नाव का सांगितलंत?"

"आवो, बोल्ट तुमी आमच्याच म्हशींसाठी दिल्ता. आन त्या दिशी मोठ्या सायबाम्होरं तुमचं त्वांड रेडकावानी झाल्तं. म्हनलं, जाऊ द्या." त्यांनी एक पेंढी यंत्रात सरकवली. "पन मला वाटलं, जाताना गाडीवर तुमीच सांगाल."

तेवढ्यात यंत्रात टक् झालं, रोल थांबले. बाईंनी बटण बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी डबीतली पिन घेतली, उभ्या उभ्या बसवली. पान्याची गरज लागली नाही. मग साहेबांना फोन लावला.

"पोचला, साहेब."

"बरं झालं. पेरू गोड निघाले का, विचार तिला."

मी विचारलं. हिराबाई पेंढी उचलत म्हणाल्या, "निम्मं म्हशीनं खाल्लं. तिलाच इचारा."

ते मी तसंच्या तसं फोनवर सांगितलं. मग साहेब हसले, त्या दिवशी गोठ्यात हसले होते तसेच, पोट धरून, आणि ओरडले, "लई भारी!"